पत्र्यावरचा ठोका

थोरल्या लेकीला मुलगी झाली, बायको तिच्या बाळंतपणाला गेली आणि घरात मागे वडील, म्हणजे अण्णा, नि तो असे दोघेच उरले, त्या वर्षी त्याच्या अंगात पुन्हा आलं.

दर वेळी हे असंच व्हायचं. दोन-तीन वर्षं शहाण्यासारखी जायची. लिफ्ट दुरुस्त करायच्या, जेवायचं, झोपायचं. मग एखाद्या दिवशी कपाटावरून जुन्या रॉकची एखादी तबकडी खाली यायची आणि दोन महिने त्याला दुसरं काही सुचायचं नाही. तीच तबकडी, तीच बाजू, कामावरून आल्यापासून जेवणापर्यंत. या खेपेला निघाली ती त्यानं सतराव्या वर्षी घेतलेली. वेष्टनावर लाल ट्रकला टेकून उभे असलेले चार केसाळ बाप्ये. बायको घरात असती तर म्हणाली असती, "आले तुमचे चार साडू." पंचावन्नाव्या वर्षी हा नाद, याची त्याला लाजच वाटे. पण सुई टेकली, ड्रम सुरू झाले, की लाज बाजूला पडायची.

अण्णांनी जन्मभर पत्र्याचं काम केलेलं. डबे, बादल्या, कोठ्या. ही तबकडी घरात पहिल्यांदा वाजली तेव्हा ते दारात येऊन थोडा वेळ उभे राहिले होते आणि एवढंच म्हणाले होते, "पत्रा ठोकतोय की रे कोणी." तो टोमणा त्याला अडतीस वर्षं सलत होता.

आता अण्णांची वाचा गेली होती. अर्धांगानं उजवी बाजू लुळी पडलेली. डाव्या हातात स्टीलचा चमचा असायचा. लोखंडी खाटेवर एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदला. तबकडी लागली की मात्र ठोक्यांना धरबंद नसायचा. ठण ठण ठण, थांबायचंच नाही. तो भिंतीपलीकडून ओरडायचा, कळलं म्हणायचा आणि खरंच बंद करायचा. ठोके थांबायचे. एकदा तर त्यानं रागाच्या भरात आत जाऊन अण्णांच्या हातातला चमचा काढून घेतला. पाच मिनिटांनी मान खाली घालून परत दिला.

शेवटी त्यानं हेडफोन आणले. मुलगा म्हणून आपल्या हातून एक तरी काम धड झालं, असं त्याला वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी तो बूट घालत असताना, अण्णांचं करायला सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत असणाऱ्या मावशींनी विषय काढला. आजोबा हल्ली संध्याकाळी नुसते ठोकत बसतात. पाणी नको, कूस नको, घासही घेत नाहीत.

"आता कशाला ठोकतात?" तो वैतागला. "आता तर आवाजच नाही."

"म्हणून तर," मावशी म्हणाल्या. "तुम्ही लावलंत की ते तालावर ठोकायचे. एक ठोका चुकायचा नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बंद केलंत की एवढंसं तोंड व्हायचं त्यांचं."

एक बूट पायात, एक हातात, असा तो बसून राहिला. पत्रा ठोकतोय की रे कोणी. अडतीस वर्षांनी ते वाक्य त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

अर्धवट लोटलेल्या दारातून अण्णांचे पाय दिसत होते. आत जायचं, तबकडी लावायची, एवढंच करायचं होतं. पण जायचं कोणत्या तोंडानं? कामाची वेळ झालीच होती आणि तेवढी सबब त्याला पुरली. त्यानं हेडफोनची वायर उपटून खिशात कोंबली. संध्याकाळी मोठ्यानं लावतो म्हणून सांगा, असं मावशींना म्हणाला आणि दाराकडे न बघता जिना उतरला.

अण्णा त्याच दिवशी दुपारी सव्वातीनला गेले.