दाखला

लेकीचा, फलकचा, बारावीचा दाखला आणायचा, म्हणून टॅक्सीवाल्या यासीनभाईंनी सकाळपासून भुशी धरणाचं एकही भाडं घेतलं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसबाहेर ते नुसत्या येरझारा घालत होते. लेक पास झाली याचा आनंद होताच; पण आता ती नर्सिंगला मिरजेला जाणार, हे आठवलं की ते पुन्हा फाटकापर्यंत जाऊन येत होते.

"अब्बा, बसा ना जरा."

"तू बस. माझं काय?"

तेवढ्यात आतून हाक आली. क्लार्कनं रजिस्टर पुढं सरकवलं. यासीनभाईंनी सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"तुमची सही नको, भाई. अठरा पूर्ण झालीत ना? आता मॅडमचीच लागेल."

कोण मॅडम, म्हणून यासीनभाईंनी मागं वळून पाहिलं. मागं फक्त फलक उभी होती.