वहिनींचा खोकला

वहिनी खोकल्या.

"नावाडी या जगात एकटाच असतो," असं रसिकराज नुकतंच माइकवर म्हणाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "एकटाच, म्हणजे त्याला आपलं तसं वाटतं. शेजारी त्याची बायको बसलेली असते, नावेत शिरलेलं पाणी उपसत." हॉलमधून कुणीतरी 'वा!' म्हणालं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला ही बैठक भरायची. अलीकडे आवडलेलं पुस्तक, सिनेमा किंवा नाटक, ज्याला जे सांगावंसं वाटेल त्याने ते सांगायचं. बोलायची हौस सगळ्यांनाच होती, पण लोक यायचे ते रसिकराजांना ऐकायला. हे नाव त्यांना बैठकीनेच दिलेलं. त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. ती पहिल्या रांगेत कडेला बसायची आणि अधूनमधून खोकायची. इतका जुना खोकला, आणि कुठलंच औषध लागू पडत नाही म्हणून मंडळी हळहळायची. ग्रंथपाल तर वहिनींसाठी टेबलाच्या खणात खोकल्याच्या गोळ्या ठेवायचे.

खरं सांगायचं तर वहिनींच्या छातीत काही दोष नव्हता. दोष होता तो रसिकराजांच्या डोळ्यांत. थिएटरात अंधार झाला की ते मिटायचे. मध्यंतरात कॉफीपुरते उघडायचे, की पुन्हा मिटायचे. पुस्तकाचं म्हणाल तर पहिल्या पानावरच त्यांना डुलकी लागायची. मग वहिनी त्यांना सगळं सांगायच्या. कोण आलं, कोण गेलं, कुठे हसू फुटलं, कुठे घशात आवंढा आला. तो आवंढासुद्धा रसिकराज बैठकीत स्वतःचा म्हणून सांगायचे. गाडी रुळावरून घसरायला लागली की वहिनी खोकायच्या. लग्नापासून हे असंच चाललं होतं आणि वहिनींनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

या वेळचं नाटक मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. म्हातारा नावाडी, त्याची बायको आणि नदीवर होणारा नवा पूल. पूल होतो, नावेकडे कुणी फिरकत नाही. शेवटी दोघं नाव तोडतात, तिची शेकोटी करतात आणि हात शेकत बसतात. पडदा पडला तेव्हा आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते. वहिनींना मात्र संताप आला होता. जिने जन्मभर त्या नावेतलं पाणी उपसलं, तिने त्याच नावेच्या लाकडांवर हात शेकायचे? हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"या वेळी बैठकीत मी बोलू का?" त्यांनी घरी जाता जाता विचारलं.

रसिकराज मनापासून हसले. "तू? अगं, माइक बघूनच त-त-प-प होईल तुझं. तू आपलं खोकायचं बघ."

मग वहिनींनी नाटक सांगायला घेतलं, नेहमीसारखं, अगदी बारीकसारीक तपशिलांसकट. फक्त शेवट सांगितला तो स्वतःचा.

आता माइकवर तोच शेवट येऊ घातला होता. त्यातून आजची पाहुणी म्हणून दुसऱ्या रांगेत एक अभिनेत्री येऊन बसली होती. नावाड्याच्या बायकोचं काम तीच करायची. हे तर वहिनींच्याही ध्यानीमनी नव्हतं. त्यांना वाटलं, खोकावं. रसिकराजांनी सवयीने त्यांच्याकडे एक नजर टाकली. वहिनींनी ओठ घट्ट मिटून घेतले. खोकला आला नाही, तसे रसिकराज निर्धास्त झाले.

"आणि मग ती म्हातारी," एक हात पसरून ते म्हणाले, "नवऱ्याला काठावर सोडते, वल्हं स्वतःच्या हातात घेते आणि एकटीच पलीकडे निघून जाते!"

ज्यांनी नाटक पाहिलं होतं ते एकमेकांकडे बघायला लागले. अभिनेत्री उठून उभी राहिली.

"काका, असं नाही हो होत. आम्ही नाव जाळतो."

रसिकराजांचा चेहरा पांढराफटक पडला. झाली एकदाची फजिती, वहिनींना वाटलं. पण अभिनेत्री खाली बसली नाही. "खरं सांगू? प्रत्येक प्रयोगाला ती नाव जाळताना माझ्या पोटात तुटतं. हा शेवट कुणाला सुचला?"

रसिकराजांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

"मलाच," ते नम्रपणे म्हणाले. "नाटक बघता बघताच सुचला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजवर हसू नेलं, आवंढा नेला, त्याचं वहिनींना काही वाटलं नव्हतं. आज या माणसाने त्यांचा रागसुद्धा नेला होता.

"मग सांगा ना काका," अभिनेत्रीने उत्सुकतेने विचारलं, "पलीकडे पोचल्यावर ती सगळ्यात आधी काय करते?"

रसिकराजांनी घसा साफ केला. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं, आणि त्यांच्यापाठोपाठ सगळ्या हॉलने. वहिनींचा लालबुंद चेहरा बघून ग्रंथपालांना वाटलं, आता मोठी उबळ येणार. ते खणातली गोळी घेऊन लगबगीने पुढे आले.

वहिनी उठल्या. माइकपर्यंतचं अंतर काही नदीएवढं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"ती गोळी यांना द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझा खोकला बरा झाला."