कानबाईची मूठ

कौसाबाईची मूठ सुपावर तशीच थांबली. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे आणि नावं थोरल्या बाईनं तोंडपाठ घ्यायची, ही खानदेशातली रीत. कौसाबाईनं सासऱ्याचं नाव घेतलं. दिराचं घेतलं. दोघंही केव्हाच गेलेले. जिवंतांपैकी मात्र एकही जिभेवर येईना. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. धाकटी जाऊ नर्मदाबाई सूप घ्यायला पुढे सरकली.

एके काळी हीच बाई पाळण्यातल्या पोरापर्यंत न अडखळता नावं घ्यायची. रोज सकाळी तापीवर जाताना दारोदार थांबायची. कुणाला खोकला, कुणाची म्हैस आटली, सगळं तिला ठाऊक. काय दिवस होते ते. मग गेल्या साली ती काठावर घसरली आणि पाय दुखावला. लेक भिला मायाळू. त्यानं ओसरीत खाट टाकली, पाणी हाताशी, दूध-तूप हाताशी, आणि मायला उंबरा ओलांडू दिला नाही. पाय बरा झाला, खाट काही सुटली नाही. शहाद्याच्या जिनात कापूस पोचवता पोचवता भिलाला तिच्याशी चार शब्द बोलायला सवड नसे. मग दुसरं कोण बोलणार?

"गहू ऱ्हाऊ द्या," तिच्याच वयाची चुलत जाऊ भिकुबाई म्हणाली. "दळाले आजून वखत शे. ऊठ व कौसा. खाटवर बशीसन मानसं ध्यानमा ऱ्हातस का?"

भिला आडवा आला. भिकुबाईनं त्याला काठीनंच बाजूला केलं.

पहिल्या दिवशी तिसऱ्या दाराशीच कौसाबाईला धाप लागली. मग रोज थोडं पुढे. कुणी ताक दिलं, कुणी नातू मांडीवर ठेवला, एकीशी तर जुनं भांडण उकरून निघालं आणि दोघी पोट धरून हसल्या. भांडणासकट नावं परत येऊ लागली.

दळायचा दिवस उजाडला. कौसाबाई आळीच्या टोकापासून नावं घेत निघाली. दोधू, वाहरू, भटू, भटूचं वैशाखात जन्मलेलं पोर. मूठ कुठे थबकली नाही. नर्मदाबाईनं डोळ्यांना पदर लावला. शेवटी उरलं स्वतःचं घर. कौसाबाईनं गहू उचलले आणि दारात उभ्या लेकाकडे नुसती बघत राहिली.

"मन्हं नाव, माय?" त्यानं हळूच विचारलं.

"भिला," ती म्हणाली आणि मूठ सुपात सोडली. "तू बी मन्हाजोडे दोन घडी बसत जाय रे भाऊ. नही तं पुढला साले तुन्हीच मूठ ऱ्हाई जाई."