फुकटचा पॉवर सप्लाय

“मामा, तू आजवर एक तरी कम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडलायस का?”

मामाला हे विचारून दाखव, अशी शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून केतकीनं दुकानात विचारलं खरं, पण दुकानदारही हातातलं काम सोडून बघायला लागला. नववीत पहिली आली म्हणून आई-बाबा तिला कम्प्युटर घेऊन देत होते. ‘त्याला त्यातलं कळतं’ म्हणून विलासमामाला सोबत आणलं होतं. मामानं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पसंत केलं होतं. त्याच्याबरोबर कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, फुकट मिळणार, म्हणून स्वारी भलतीच खूश होती.

“एवढं वीज खाणारं तगडं ग्राफिक्स कार्ड या फुकटच्या डब्यावर चालवायचं?” केतकी म्हणाली. “महिनाभरात धूर निघेल.”

“चार व्हिडिओ बघितले की झाल्या पंडित,” मामा दुकानदाराला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “आणि तू गं? तू किती जोडलेस?”

आई डोळ्यांनीच दटावत होती. बाबा उगाच काउंटरवरचा माउस फिरवत बसले. उत्तर एकच होतं आणि ते मामालाही ठाऊक होतं.

“एकही नाही,” ती म्हणाली आणि तो हलका डबा उचलून तिनं मामाच्या हातात ठेवला. “आई, बाबा, हा मामालाच राहू दे. मला चांगला पॉवर सप्लाय घ्या, त्यात पैसे जातील तर कार्ड पुढच्या वर्षी बघू. सगळे भाग सुटेच न्यायचे. घरी मीच जोडणार. आणि माझ्या हातून कम्प्युटर जळला, तर दुसरा मागणार नाही.”