शांत खोली

"एकशे बत्तीस." प्रतिक्षाच्या बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा संध्याने कागदावर उतरवला. पोरगी दहा मिनिटं पंख्याखाली नुसती बसून होती, तरी नाडी पळत होती.

संध्या शहरातून आली होती. मुलांमधल्या भीतीच्या आजाराच्या खुणा शरीरात सापडतात का, हे तिला तपासायचं होतं. नाडी मोजायची, लाळेचा नमुना घ्यायचा. त्यासाठी तिने शांत खोली मागितली, आणि गोरेगावकडच्या त्या खेड्यातल्या शाळेने मोठ्या कौतुकाने हेडमास्तरांची खोली दिली. पंखा तिथेच होता ना! सकाळपासूनचं हे अठरावं लेकरू. अठराही आकडे एकशे वीसच्या वर.

"घरचं वातावरण, मॅडम," हेडमास्तर खुर्चीतूनच म्हणाले. "बाप दारुडे, आया अडाणी. हिला आजारी लिहा. बरी होईपर्यंत शाळेत नको."

प्रतिक्षाची आजी रुक्माबाई दारात उभी होती. शाळेतली खिचडी तीच शिजवते. हे ऐकून तिचं डोकं फिरलं. आत येऊन तिने यंत्रासकट नातीचा हात धरला आणि तरातरा चालू लागली. संध्या मागे धावली.

खिचडीच्या शेडमध्ये धूर होता, उकाडा होता, पातेल्यांचा खणखणाट होता. रुक्माबाईने नातीला तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि स्वतः डाळ ढवळत राहिली. थोड्या वेळाने संध्याने आकडा पाहिला. शंभर. मग ब्याण्णव. मग चौऱ्यांशी.

"आता बोला म्याडम, कोनाच्या घरचं वातावरण?" रुक्माबाई संतापाने म्हणाली. "त्या खोलीत लेकरं फकस्त मार खायला जातात. तितंच बसवून काळीज मोजून राहिले तुमी? अन् आजारी काहून लिहिता माझ्या लेकराला?"

सकाळपासून आपण काय मोजत होतो, ते संध्याला आता कळलं, आणि स्वतःचीच चीड आली.

"रुक्माबाई, उद्यापासून कामावर येऊ नका!" हेडमास्तर अंगणातून ओरडत येत होते. प्रतिक्षाने आजीचा पदर पकडला. आकडा झरझर चढला. एकशे दहा, एकशे पंचवीस.

"सर, तिथेच थांबा," संध्या म्हणाली. "एक पाऊलही पुढे येऊ नका."

हेडमास्तर थांबले. खिचडी अजून शिजायची होती, तरी शेडपुढे पोरांची रांग लागली होती. कुणाच्याच हातात ताट नव्हतं. सगळ्यांनी यंत्रासाठी एकेक बोट पुढे केलं होतं.