शेवटची मारामारी

थिएटरचा डोअरकीपर कुठल्याही मारधाडीच्या सिनेमावर बिनधास्त मत ठोकून द्यायचा. “पहिला भाग झकास होता, दुसऱ्यात नुसत्या पाट्या टाकल्यात,” असं म्हणून चहाच्या एका घोटात तो सिनेमा निकालात काढायचा. खरं तर इतक्या वर्षांत त्याने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. पडद्यावर शेवटची मारामारी पेटली की त्याला बाहेर जाऊन दारं उघडावी लागायची. मग बाहेर येणाऱ्या पहिल्याच माणसाला तो विचारायचा, “काय हो, मेला का तो?” पण घरी जायच्या घाईत त्याला धड उत्तर कोण देणार!

तो निवृत्त झाला, त्या दिवशी मॅनेजरने त्याच्या हातात दोन तिकिटं ठेवली. “काका, आज ड्यूटी नाही. काकूंना घेऊन बसा, आणि शेवटपर्यंत खुर्ची सोडायची नाही.”

एका मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता; तो बायकोशेजारी ऐटीत बसला. मध्यंतर व्हायच्या आतच त्याचं सुरू झालं, “छे, पहिल्या भागाची सर नाही.”

“अहो, आधी पूर्ण बघा तरी!” बायको करवादली.

अखेर जळत्या पुलावर नायक आणि एकडोळ्या खलनायक समोरासमोर आले. बायकोने श्वास रोखून धरला.

***

दिवे लागले, गर्दी बाहेर लोटली, आणि बाहेर दार धरून उभ्या असलेल्या डोअरकीपरने समोर आलेल्या आपल्याच बायकोला विचारलं, “काय हो, मेला का तो?”