ठमाबाईचा उत्तररंग

या, जरा जवळ सरून बसा, बाप्पांनो. ठमाबाईनं ऐकलेल्या एका कीर्तनाची गोष्ट सांगायची आहे.

बारामतीत दिवस कलला होता. ठमाबाई तापानं पडून होती. तिचे यजमान दत्तोबाबुवा त्या संध्याकाळी पुण्याच्या रेडिओवर कीर्तन करणार होते, आणि ते ऐकायचंच असा तिचा हट्ट. शेजारचा हिंदुराव साखर कारखान्यात विजेची कामं करी. पाळी उरकून तो तसाच आला आणि घरी जुळवलेला, खनिजाच्या खड्यावर चालणारा रेडिओ त्यानं तिच्या उशाशी मांडला. तार बाहेरच्या लिंबापर्यंत ताणली. कानाला लावायची चकती एकच होती. ती ठमाबाईच्या हातात दिली.

"काय ऐकू येत न्हाय," ती म्हणाली.

"पुणं लांब पडतं, वहिनी. एवढ्याशा आवाजाला हा खडा दाद देत न्हाय. त्याला सेलचा टेका लागतो."

त्यानं सेल आणि विजेचं माप जोडलं, बटण हळूहळू फिरवलं. विजेचा दाब वाढत होता, पण मापाचा काटा हलेना. आणखी थोडं. तरी नाही. मग केसभर फिरवलं आणि काटा सरसर चढला.

"हे असंच हाय. आधी दाब वाढवला तरी थेंब सोडत न्हाय. एकदा सोडाय लागला की प्रवाह दसपट होतो, अन् दाब वाढतो जरासाच."

"ह्यांच्यासारखंच की. पूर्वरंगात लोक पेंगतात, अन् उत्तररंगात हे आवरत न्हाईत."

हिंदुराव हसला. बटण किंचित मागं घेतलं.

"आलं," ठमाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दमलेत. आवाज बसलाय."

बराच वेळ ती निपचित ऐकत राहिली. एकाएकी चकती काढून उठू लागली.

"कुठं निघाला?"

"आख्यान लागलं. पिठलं टाकते. टाळकरी येतील आता जेवायला."

"वहिनी, बुवा पुण्यात हाईत."

ती उठता उठता थांबली. "व्हय की. लगीन झाल्यापासनं आख्यान लागलं की मी चुलीपुढं. शेवट कधी ऐकलाच न्हाय."

"मग पडा, अन् ऐका."

काटा खाली येत होता. सेल थकला होता. हिंदुरावही थकला होता, पण बटणावरचं बोट त्यानं उचललं नाही. काटा उतरला की केसभर पुढं फिरवायचं, पुन्हा उतरला की पुन्हा.

अंधार पडता पडता ठमाबाईनं चकती खाली ठेवली.

"असं संपतं व्हय," ती म्हणाली.

कीर्तनाला बसाल, आख्यान रंगात येईल, तेव्हा एवढं करा. ठमाबाईची आठवण काढा.